वजनाच्या उपचारांची फाइल: पहिल्या मोजमापापासून ऑपरेशननंतरच्या वर्षापर्यंत

लठ्ठपणावर उपचार सुरू केल्यापासून ऑपरेशननंतरची पहिली वार्षिक तपासणी होईपर्यंत दोन वर्षं सहज निघून जातात. त्यातला ऑपरेशन थिएटरमधला वेळ एक ते दीड तासाचा. बाकीचा काळ तपासण्यांत, कागदपत्रांत, डोस वाढण्याची वाट पाहण्यात आणि घोट घोट पाणी पिण्यात जातो, आणि त्याबद्दल आधी कुणी फारसं सांगत नाही. माझे उपचार आहारापासून औषधांवर आणि तिथून स्लीव्ह ऑपरेशनवर (जठराचा मोठा भाग कापून ते लहान करण्यावर) गेले, म्हणून त्याच क्रमाने लिहिते आहे. प्रत्येकाला शेवटपर्यंत जावं लागतं असं नाही. बरेच जण मधल्याच टप्प्यावर थांबतात आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरच असतं.

पहिली भेट

वजनकाट्यापेक्षा उंचीकडे जास्त लक्ष द्या. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. वर्ग असल्यामुळे उंचीतली दोन सेंटिमीटरची चूकही महागात पडते. 100 किलो वजन आणि 170 सेंटिमीटर उंची असेल तर बीएमआय 34.6 येतो, तीच उंची 168 लिहिली गेली तर 35.4. ऑपरेशनचे कितीतरी निकष नेमके 35 वर आहेत. बूट काढून, टाचा भिंतीला टेकवून उंची नव्याने मोजून घ्या. विम्याच्या फॉर्मवर एक उंची आणि केसपेपरवर दुसरी असेल तर फाइल हमखास परत येते.

कंबर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर धरायचा. पँटचा पट्टा जिथे बसतो तिथे नव्हे. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर पोटातल्या अवयवांभोवती चरबी साठली आहे असं समजतात. रक्तदाब घेताना दंडाला बांधायचा पट्टा, म्हणजे कफ, मोठा मागून घ्या. जाड दंडाला लहान कफ आवळला की दाब खोटाच जास्त दिसतो आणि नको ती गोळी सुरू होऊ शकते.

बीएमआय 25 च्या वर अतिरिक्त वजन आणि 30 पासून लठ्ठपणा, ही जागतिक आरोग्य संघटनेची नेहमीची मोजपट्टी. आशियाई लोकांना कमी बीएमआयलाच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून 2004 मध्ये त्यांच्यासाठी 23 आणि 27.5 हे जास्तीचे टप्पे सुचवले गेले. जानेवारी 2025 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने आणखी एक भर घातली: नुसत्या बीएमआयवर निदान करू नका, कंबरेसारखं दुसरं माप जोडा आणि अवयवांवर किंवा रोजच्या हालचालींवर परिणाम झालाय का ते पाहा. म्हणून डॉक्टर दम लागतो का, गुडघे दुखतात का, बुटाची नाडी बांधता येते का, असं विचारत राहतात. त्यात चेष्टा नसते, उत्तरं मोकळेपणाने द्यावीत. चारचौघांत काट्यावर उभं राहायला संकोच वाटत असेल तर आडोशाला वजन करा असं सांगता येतं. आकडा मोठ्याने वाचू नका, असंही सांगता येतं.

कारणांची चौकशी

या भेटीतला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे कारणांचा शोध, आणि घाईच्या दवाखान्यात नेमका तोच गाळला जातो. गेल्या पाच-सात वर्षांत घेतलेल्या औषधांची यादी लिहून न्या, आणि जमलं तर प्रत्येक औषध सुरू झाल्याचं वर्षही. वजन वाढवणारी औषधं पुष्कळ आहेत: स्टेरॉइड, इन्शुलिन, मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या, ओलॅन्झापिन आणि क्लोझापिनसारखी मानसोपचाराची औषधं, व्हॅल्प्रोएट, मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, रक्तदाबावरची काही बीटा-ब्लॉकर. वजन चढायला लागल्याचं वर्ष आणि औषध सुरू झाल्याचं वर्ष एकच निघालं तर पर्याय विचारा. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. त्यातल्या काही अचानक सोडणं वजनापेक्षा कितीतरी धोक्याचं असतं.

थायरॉइडची तपासणी सगळ्यांची होते, पण त्यावर फार आशा ठेवू नका. थायरॉइड मंदावल्याने वाढणारं वजन सहसा काही किलोंचंच असतं आणि त्यातही बराच भाग पाणी आणि मिठाचा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन दिवस तरी थांबवा; त्यांच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. कुशिंगच्या आजाराची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक फार वाढण्याची, शंका सरसकट घेत नाहीत. त्वचेवर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं होणं, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर नसणं, अशी लक्षणं असतील तर रात्री 11 वाजता 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी कॉर्टिसॉल मोजतात. पाळी अनियमित असेल तर पीसीओएस या बीजांडकोश आणि संप्रेरकांच्या विकारासाठी वेगळ्या तपासण्या होतात.

पण बहुतेकांच्या बाबतीत असं एकच एक कारण हाती लागत नाही. वजनातल्या फरकाचा मोठा वाटा, साधारण 40 ते 70 टक्के, आनुवंशिक असतो. मग गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतच लठ्ठपणा एवढा का वाढला? जनुकं तीच राहिली, भोवतालचं अन्न, झोप आणि काम बदललं. 2022 साली जगात 100 कोटींहून जास्त लोक लठ्ठ होते. अन्नाचा वाटा किती, हे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्पष्ट दिसलं. 20 जणांना रुग्णालयातच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रिया केलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही आहारांत उष्मांक, साखर, चरबी, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर ही माणसं दिवसाला सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खाऊन गेली आणि जवळपास किलोभर वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. माणसं तीच होती. हा प्रयोग वाचल्यावर ‘तोंडावर ताबा नाही’ या टोमण्याची धार बरीच कमी होते.

झोपेचाही हिशोब मांडा. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन वर जातं आणि पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन खाली येतं. रात्रपाळी, तान्हं मूल, झोपेत श्वास अडकणं, यांतलं काही असेल तर ते सांगायलाच हवं.

तपासण्या

सगळं रक्त एकाच सकाळी देता आलं तर दोन-तीन सुया वाचतात. रक्तगणना, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), चरबीचं प्रमाण, यकृत आणि मूत्रपिंड, टीएसएच (थायरॉइडसाठी), व्हिटॅमिन डी, बी१२, फोलेट आणि फेरिटिन (लोहाचा साठा), अशी यादी साधारण असते. शेवटच्या चार आताच झालेल्या बऱ्या, कारण वजन जास्त असूनही जीवनसत्त्वांची कमतरता असणं अगदी सर्रास दिसतं. ऑपरेशननंतर ती शोधत बसण्यापेक्षा आधी भरून काढणं सोपं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ हमखास पाहावं.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आणि पित्ताशयातले खडे बघतात. झोपेच्या चाचणीआधी स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी भरून घेतात. पाच किंवा जास्त ‘हो’ आले तर धोका मोठा. चाचणीत तासाला 5 ते 15 वेळा श्वास अडखळला तर सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे गंभीर. गंभीर निघालं तर ऑपरेशनआधी काही आठवडे सीपॅप यंत्र, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र, वापरायला लावतात. मास्क नाकावर नीट बसवून घ्या. वाऱ्याची गळती डोळ्यांकडे होत असेल तर माप चुकलंय. पहिल्या काही रात्री गुदमरल्यासारखं वाटतं, मग बऱ्याच जणांना ते यंत्रच सोडवत नाही.

आहार आणि मग औषधं

पहिले तीन ते सहा महिने आहार, चालणं आणि झोप यांवर जातात. ‘हे सगळं करून झालंय’ असं मनात येतं आणि चिडचिड होते. तरी नोंदी नीट ठेवा. काही विमा कंपन्या देखरेखीखालच्या आहाराच्या महिनावार नोंदी मागतात, आणि एका महिन्याची नोंद जरी नसली तरी मोजणी पहिल्यापासून करायला लावतात. प्रत्येक भेटीची तारीख, वजन, सल्ला आणि सही एकाच वहीत येऊ द्या.

आहारात ताकद नाही असं नव्हे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत तीन ते पाच महिने दिवसाला 825 ते 853 किलोकॅलरींचा द्रवाहार दिला. वर्षअखेरीस जवळपास निम्म्या लोकांचा टाइप 2 मधुमेह औषधांविना आटोक्यात होता, आणि 15 किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत तर 86 टक्क्यांचा. अडचण वजन टिकवण्याची आहे. वजन उतरलं की शरीर कमी जाळायला लागतं आणि भूक वाढवतं. टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या एका स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं तेव्हा त्यांचं शरीर आकारमानाच्या मानाने अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 किलोकॅलरी कमी जाळत होतं. म्हणून ‘7,700 किलोकॅलरी वाचवल्या की एक किलो गेला’ हा हिशोब कागदावरच जुळतो. पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं ते बहुतेक ग्लायकोजेन (शरीरातली साठवलेली साखर) आणि त्याला धरून असलेलं पाणी. त्यावर फार हुरळू नका, आणि नंतर वेग मंदावला म्हणून खचूही नका.

वजनाच्या औषधांबद्दल लोकांना भीती वाटते त्याला इतिहास आहे. फेनफ्लुरामिन 1997 मध्ये हृदयाच्या झडपा बिघडवत असल्याने, तर सिब्युट्रामिन 2010 मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून काढलं गेलं. आताची इंजेक्शनं वेगळ्या वाटेने काम करतात. सेमाग्लुटाइड हे जेवणानंतर आतड्यात तयार होणाऱ्या जीएलपी-1 संप्रेरकाची नक्कल करतं, तर टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला आणखी एका संप्रेरकाची. स्टेप-1 चाचणीत 2.4 मिलिग्रॅम सेमाग्लुटाइडवर 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं. नुसत्या सल्ल्यावर आणि औषध नसलेल्या सुईवर 2.4 टक्के. सरमाउंट-1 मध्ये टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसवर 72 आठवड्यांत 20.9 टक्के.

इथे खरी कसोटी धीराची. सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा, पहिले चार आठवडे 0.25, मग चार-चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि शेवटी 2.4 मिलिग्रॅम. म्हणजे पूर्ण डोस सुरू व्हायला सोळा आठवडे. सुरुवातीचा डोस पोटाला सवय लागावी एवढ्यासाठीच असतो, त्यावर वजन हललं नाही तर ‘मला लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. घाईने डोस वाढवला की मळमळ आणि उलट्या ठरलेल्या. मळमळ कमी ठेवायची तर ताटात निम्मं घ्या, पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबा, तळकट टाळा, जेवून लगेच आडवं होऊ नका. बद्धकोष्ठासाठी पाणी आणि तंतू पहिल्या दिवसापासून वाढवा. न उघडलेलं पेन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. फ्रीझरजवळ ठेवून गोठलं तर ते टाकूनच द्यावं लागतं. सुई पोट, मांडी, दंड अशी जागा बदलत टोचा. लागोपाठचे डोस चुकले तर परस्पर जुन्याच डोसवर जाऊ नका, विचारून सुरू करा.

पोटातून पाठीकडे जाणारी, न थांबणारी कळ आली तर स्वादुपिंडाला सूज असू शकते; इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झालेला असेल तर ही औषधं देत नाहीत. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी बंद करावं लागतं.

खर्चाचं गणित मांडताना लोक इथेच फसतात. दर महिन्याच्या खर्चाला किती महिन्यांनी गुणायचं? औषध थांबवल्यावर वर्षभरात कमावलेल्या घटीपैकी दोन तृतीयांश वजन परत आलं, असं स्टेप-1 मधल्याच लोकांच्या पुढच्या पाठपुराव्यात दिसलं. रक्तदाबाच्या गोळीसारखं हे दीर्घकाळचं औषध आहे असं धरूनच हिशोब करा. पूर्ण डोसवर तीन महिने काढूनही वजन 5 टक्के उतरलं नाही, किंवा औषध झेपत नाही, किंवा वजनच एवढं आहे की 15 टक्क्यांनी भागणार नाही, तर ऑपरेशनचा विषय निघतो.

मंजुरीचे कागद

1991 च्या जुन्या निकषांत बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत आजार, अशी अट होती. 2022 मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या वैद्यकीय संघटनांनी ती सैल केली: 35 च्या वर आजार असो वा नसो, 30 ते 35 मध्ये चयापचयाचा आजार असेल तर, आणि आशियाई लोकांसाठी 27.5 पासून. पण पुष्कळ विमा पॉलिसींमध्ये अजून 1991 चेच आकडे छापलेले आहेत. डॉक्टर म्हणतात ‘तुम्ही पात्र आहात’ ते वैद्यकीय अर्थाने. विम्याची पात्रता वेगळी वाचा. पॉलिसीत प्रतीक्षाकाळ किती, लठ्ठपणाचे उपचार वगळलेले आहेत का, ‘सौंदर्योपचार’ या सदरात टाकलेत का, हे तीन मुद्दे आधी बघा.

पूर्वपरवानगीच्या अर्जासोबत लागतात ते कागद असे: मोजलेली उंची आणि वजन असलेलं, निदानाचा ई66 हा कोड लिहिलेलं सर्जनचं पत्र, सोबतच्या आजारांचे अहवाल, आहाराच्या नोंदी, फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ यांची पत्रं. पत्रात नुसतं ‘लठ्ठपणा’ न लिहिता मधुमेह, श्वास अडकणं, रक्तदाब हे आकड्यांसह लिहून घ्या. नामंजुरी आली तर कारण लेखी मागा. तोंडी कारणावर अपील करता येत नाही. खर्चाचा अंदाज घेताना जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरची काडतुसं पॅकेजमध्ये धरली आहेत का ते विचारा. स्लीव्हमध्ये ती साधारण पाच-सहा लागतात, आणि बिल फुगतं ते बहुतेक वेळा तिथेच. नंतरची जीवनसत्त्वं, तपासण्या आणि लोंबणाऱ्या त्वचेचं ऑपरेशन सहसा कशातच धरलेलं नसतं.

मानसोपचाराच्या भेटीला लोक परीक्षेसारखे घाबरतात. तिथे बघतात ते ताबा सुटून एकदम खूप खाण्याची सवय, दारू, उपचार न झालेलं नैराश्य, आणि आयुष्यभर गोळ्या-तपासण्या सांभाळायची तयारी. यातलं काही निघालं तर नकार मिळतोच असं नाही. आधी उपचार, मग तारीख.

ऑपरेशनआधीचे आठवडे

स्लीव्ह की बायपास, हे ठरतं एंडोस्कोपीनंतर. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी असते, म्हणून ॲसिडिटीची ओमेप्राझोल गटातली गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे आधी बंद हवीत, नाहीतर जंतू असून अहवाल कोरा येतो. छातीत जळजळ जुनी आणि जोरात असेल, अन्ननलिका सोललेली असेल तर बायपास बरा. स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासमध्ये साधारण 30 मिलिलिटरची थैली करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. वर्ष-दीड वर्षात स्लीव्हने एकूण वजनाच्या साधारण चतुर्थांश, बायपासने तीस टक्क्यांच्या आसपास उतरतं. स्लीव्ह परत जोडता येत नाही, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी मनात नीट उतरू द्या.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे 800 ते 1,200 किलोकॅलरींचा कमी कर्बोदकांचा आहार असतो. उद्देश वजनाचा आकडा कमी करणं हा नाही. चरबीने फुगलेल्या यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो, आणि दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. यकृत आकसलं नाही तर सर्जनला दिसत नाही, आणि मग पोट उघडावं लागतं किंवा ऑपरेशन अर्धवट थांबवावं लागतं. ‘शेवटचं पोटभर जेवण’ म्हणून या काळात मेजवान्या झोडणं म्हणूनच अंगाशी येतं. हा आहार सुरू होताच इन्शुलिन आणि सल्फोनिलयुरियाचे डोस कमी करून घ्यावे लागतात, नाहीतर साखर घसरते. एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या निदान तीन दिवस आधी बंद, कारण साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. जीएलपी-1 इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना शेवटच्या डोसची तारीख सांगाच. जठर सावकाश रिकामं होतं आणि भूल देताना अन्न फुप्फुसात जायची भीती असते. सिगारेट निदान सहा आठवडे आधीपासून बंद.

रुग्णालयातले दिवस आणि पहिला महिना

पोटावर साधारण पाच लहान छेद असतात. आत 36 ते 40 फ्रेंच, म्हणजे 12-13 मिलिमीटर जाडीची नळी घालून तिच्या कडेने स्टेपल करत जातात. भूल उतरल्यावर खांदा दुखतो तो पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, आणि चालल्याने कमी होतो. त्याच संध्याकाळी उठवून चालवतात. कंटाळा केला तर पायांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. या ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं ते एक मोठं कारण आहे. एकूण मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनसारखंच. हा आकडा माहीत असूनही आदल्या रात्री भीती वाटते.

जठराच्या स्टेपलच्या रेषेतून गळती शंभरात साधारण एकाला होते, बहुतेक वेळा वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या जोडाशी. ती घरी गेल्यावरही होऊ शकते. म्हणून दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नाडी आणि तापमान लिहा. शांत बसलेलं असताना नाडी 120 च्या वर, ताप, धाप, वाढत जाणारी पोटदुखी, किंवा कमी झालेली खांदेदुखी पुन्हा उसळणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. घरी जाताना ऑपरेशनची सविस्तर टिपणं असलेली डिस्चार्ज समरी, रक्त पातळ करणाऱ्या सुया किती दिवस आणि कामावर रुजू होण्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. टेबलावरचं काम असेल तर दोन ते तीन आठवड्यांत, वजन उचलायचं असेल तर सहा आठवड्यांनी.

पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे द्रव, मग दोन आठवडे दाट द्रव, पुढचे दोन आठवडे वाटून पातळ केलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी साधं जेवण. प्रथिनं दिवसाला 60 ते 80 ग्रॅम, आणि पाणी दीड लिटर. या पाण्यानेच जीव मेटाकुटीला येतो. एकदम घोट मारता येत नाही, तहान भागत नाही. 30 मिलिलिटरचा छोटा कप घेऊन दर दहा मिनिटांनी तो संपवायचा, घड्याळ लावा. लघवी गडद झाली की मागे पडलात. रुग्णालयात परत भरती व्हायला लागण्याचं नेहमीचं कारण गळती नसून पाणी कमी पडणं हेच असतं. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. पाव, भात आणि कोरडं मांस अडकतं. छातीच्या मधोमध दाटून आलं की खाणं थांबवा, पाण्याने ढकलायला जाऊ नका.

उलट्या काही दिवस थांबल्याच नाहीत तर थायमिन (व्हिटॅमिन बी१) संपतं. दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, गोंधळणं ही त्याची लक्षणं, आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं. तातडीच्या विभागात गेलात तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्या, हे सोबतच्या माणसाने स्वतःहून सांगायला हवं. तिथल्या प्रत्येकाला तुमचं ऑपरेशन माहीत नसतं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ‘हे कशाला करून घेतलं’ असं वाटतं. अन्नाची आठवण येते, घरातले जेवत असताना उठून जावंसं वाटतं, आणि त्याच सुमारास वजनही आठवडा-दोन आठवडे जागचं हलत नाही. यातलं काहीच वावगं नाही.

वर्षभर

मधुमेहाच्या गोळ्या काही दिवसांतच कमी होतात, रक्तदाबाच्या थोड्या उशिरा. उठल्यावर भोवळ आली तर दाब मोजून लगेच कळवा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या चुरायच्या नाहीत, त्याऐवजी साध्या किंवा द्रव औषधांवर बदलून घ्या. दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, विशेषतः बायपासनंतर. जोडाशी व्रण होतो. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला केस गळायला लागतात आणि घाबरायला होतं. सहा-आठ महिन्यांत ते परत येतात. तोवर फेरिटिन आणि प्रथिनांकडे लक्ष असू द्या, महागड्या तेलांकडे नको.

मल्टिव्हिटॅमिन, बी१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट दिवसाला 1,200 ते 1,500 मिलिग्रॅम आणि व्हिटॅमिन डी, हे कायमचं. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर ठेवा, आणि कॅल्शियम एकदम न घेता 500-600 च्या भागांत घ्या. दारू आता लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसनाचा धोकाही वाढतो. गर्भधारणा 12 ते 18 महिने टाळायची. पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते, आणि बायपासनंतर तोंडी गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही.

व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, उतरलेलं टिकवायला मात्र त्याचा मोठा आधार. आठवड्याला 200 ते 300 मिनिटं चालणं आणि निदान दोन दिवस वजनं किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम, नाहीतर चरबीसोबत स्नायूही जातात.

तपासण्या 3, 6 आणि 12 महिन्यांनी, पुढे दर वर्षी. सर्वांत कमी वजन साधारण 12 ते 18 महिन्यांत दिसतं, त्यानंतर थोडं वर येणं अपेक्षितच आहे. कमीत कमी वजनाची नोंद ठेवा. ते पाच-सात किलोंनी चढलं तर वर्ष पूर्ण व्हायची वाट न पाहता भेट घ्या: नवी औषधं, झोप, दिवसभर चरत राहणं, गोड पेयं, असं एकेक तपासून मग गरज पडली तर इंजेक्शन पुन्हा सुरू करता येतं. पाकिटात एक चिठ्ठी असू द्या, तिच्यावर ऑपरेशनचा प्रकार, तारीख, ‘आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक नको’ आणि ‘उलट्या असतील तर आधी थायमिन’ एवढं लिहिलेलं.